पासिंग किती?

आईचं वजन किती, हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा चाळिशीत विचारला. तोही व्हॉट्सअॅप कॉलवर, डेन्व्हरमधल्या एका शोरूमच्या पार्किंगमध्ये उभं राहून. माझ्याकडे सकाळचे दहा, तिकडे बिबवेवाडीत रात्रीचे साडेनऊ.

''बासष्ट,'' आई म्हणाली.

मागून बाबांचा आवाज आला, ''बहात्तर लिही.''

गाडी घ्यायला गेलेला माणूस आईचं वजन का विचारतो, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. आई-बाबा मागच्या वेळी आमच्याकडे आले तेव्हा त्यांना आम्ही हौसेने फिरवलं. रोज नवं मोटेल, सकाळी थंडगार दुधातलं सिरियल, आणि दर दोन तासांनी 'बाथरूम कुठे असेल रे?' आईचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. शेवटी ती म्हणाली, ''डोंगर छान आहेत, पण मी घरीच बरी.'' ते वाक्य मला लागलं. यंदा ते पुन्हा यायचे होते, आणि बाबा शहात्तर वर्षांचे. अशा ट्रिपा अजून किती होणार, हा हिशेब कुणी बोलत नाही, पण प्रत्येक जण करत असतो.

म्हणून आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचा वन रूम किचन. आमचा सव्वीस फुटी, सेकंडहँड. आत गॅसची शेगडी, फ्रिज, पलंग, लेकासाठी बंक बेड आणि मुख्य म्हणजे स्वतःचं संडास. फक्त इंजिन नाही. तो ओढायला पिकअप ट्रक लागतो. थोडक्यात, आम्ही घोडा घ्यायच्या आधी टांगा घेतला होता. जाणकार माणसं उलटं करतात.

इथे ट्रक म्हणजे आपला दहाचाकी नव्हे. आपल्या बोलेरो पिकअपचा कुणी पैलवान मावसभाऊ असावा तसा प्रकार. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या वर्गाला म्हणतात 'हाफ टन'. त्यावरचे एफ-२५० किंवा २५०० वाले 'थ्री क्वार्टर टन'. ही नावं जुन्या काळातल्या भारक्षमतेवरून पडली. आता हाफ टनवाली गाडीही अर्ध्या टनापेक्षा जास्त वाहते, नाव मात्र चिकटून राहिलंय.

मला आवडला तो हाफ टन. गडद निळा, काचेचं छत, लेदर सीट, दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी (आईच्या गुडघ्यांसाठी, असं मी बायकोला सांगितलं). सेल्समन म्हणाला, टोइंग कपॅसिटी अकरा हजार पाउंड, तुमचा ट्रेलर भरून सहा हजार आठशे, दिवसभर ओढेल! मी खूश. सही करण्याआधी बाबांना सहज फोन लावला. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ''पासिंग किती?''

''अहो बाबा, अकरा हजार ओढते.''

''ओढते किती ते बैलाला विचारतात. गाडीला पासिंग विचारायचं.''

बाबा मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे तीस वर्षं हिशेबनीस होते. 'पासिंग' म्हणजे आरटीओने मंजूर केलेलं वजन. नऊ टन पासिंगची गाडी, बारा टन माल. आमच्या घरी जेवताना होणाऱ्या गप्पा या अशाच असायच्या. मी जरा चिडूनच सेल्समनला विचारलं. त्याचा चेहरा थोडा उतरला. त्याने ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेला पिवळा-पांढरा कागद दाखवला. माणसं आणि सामान मिळून १,४२० पाउंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर छापलं होतं. पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. म्हणजे एवढ्या अवाढव्य गाडीचं पासिंग झालं ६४४ किलो.

आता यात ट्रेलरचं काय, तो तर मागे स्वतःच्या चाकांवर चालतो, असं मलाही वाटलं होतं. पण ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या हुकावर टेकलेला असतो. त्या भाराला म्हणतात टंग वेट. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो आणि ट्रकलाही सोबत हलवतो. म्हणजे कमी करून चालत नाही, आणि तो सगळा भार त्या पिवळ्या कागदातूनच वजा होतो. आमचा ६,८०० पाउंडांचा ट्रेलर, तेरा टक्के धरले तर ८८४ पाउंड. ते वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा जो खास हुक लागतो, तो नव्वद. राहिले ४४६ पाउंड. त्यात बसणार पाच माणसं.

म्हणून तो आईला प्रश्न!

आई बहात्तर, बाबा अडुसष्ट. बायकोचा आकडा छापायची परवानगी मिळालेली नाही. पाचही जणांची बेरीज ३१० किलो, म्हणजे ६८३ पाउंड. एकूण झाले १,६५७. कागदापेक्षा २३७ जास्त, आणि अजून एक पिशवीसुद्धा गाडीत ठेवलेली नाही.

मग अकरा हजार हा आकडा खोटा का? तर तोही खोटा नाही. टोइंगची चाचणी कशी घ्यायची याचं एसएई जे-२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा अकरा मैलांहून लांब चढ भर उन्हात, एसी चालू ठेवून चढायचा असतो. परीक्षा कडकच आहे. पण त्या परीक्षेत ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी दीडशे पाउंडांची. आजी-आजोबा, नातू, कुकर हा सिलॅबसमध्येच नाही.

गंमत म्हणजे त्याच शोरूममध्ये त्याच मॉडेलच्या एका साध्या गाडीच्या कागदावर १,८१० होते. कारण गाडीचं कमाल एकूण वजन कंपनीने ठरवलेलं असतं, आणि काचेचं छत, मोठी चाकं, इलेक्ट्रिक पायरी हे सगळं त्यातूनच खातं. जितकी गाडी श्रीमंत, तितकं पासिंग गरीब. त्यामुळे मॉडेलचं नाव ऐकून काही कळत नाही, समोरच्या गाडीचं दार उघडून बघावं लागतं.

घरी येऊन मी पळवाटा शोधल्या. दोनशे सदतीस पाउंड म्हणजे काय, शंभर-एक किलो. एवढं तर चालतंच की! बरेच जण जातात तसेच. बायको म्हणाली, मी कारने मागून येते. रात्री बाबांना पुन्हा फोन केला आणि म्हटलं, थोडंसंच जास्त होतंय, मी हळू चालवीन.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी १९९२ सालची एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. नऊ टन पासिंगच्या गाडीत कांदा भरला होता, बारा टनांच्या वर. मालक म्हणाले, चालतंय. खंबाटकी घाट चढताना काही झालं नाही. उतरताना ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. ड्रायव्हर वाचला. क्लीनर नाही वाचला, एकोणीस वर्षांचा होता.

''चलनावर नऊ टन लिहिलं होतं,'' बाबा म्हणाले. ''अक्षर माझं होतं.''

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. निळा ट्रक तिथेच संपला.

त्यानंतरची निवड फार रोमँटिक नव्हती. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० ने निघालं की आयसेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्याही वर आहे, आणि परत येताना लांबच लांब उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकना घुसायला बाजूला मातीचे चढ करून ठेवलेत, ते पाहिले की खंबाटकी लांब वाटत नाही. साधा १,८१० वालाही आमच्या सामानासकट काठावर येत होता. म्हणून थ्री क्वार्टर टन बघायला लागलो. त्यातला डिझेल मोहात पाडणारा. जोर भरपूर, वर टर्बो, त्यामुळे उंचीवर दमत नाही. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गायब. पण डिझेल इंजिन जड, त्यामुळे त्याच गाडीचं पासिंग एकदम खाली येतं. किंमतही कित्येक हजार डॉलर जास्त. माझं गणित असं की, चढावर दम लागला तर उजव्या लेनमधून ट्रकांच्या मागे ताशी चाळीस मैलांनी जाऊ. उशीर होईल, होऊ दे. उताराला मात्र वजन पेलणारी चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक हवेत. शिवाय ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक ट्रकमधून दाबता आले पाहिजेत, त्याचा कंट्रोलर गाडीतच असलेला बरा.

शेवटी चार वर्षं जुना, पांढरा, कापडी सीटचा पेट्रोल ट्रक घेतला. कागदावर ३,१५० पाउंड. पायरी हाताने बसवून घेतली. रिकामा चालवला तर खड्ड्यात दात वाजतात, आणि मॉलच्या पार्किंगमध्ये तो दोन जागा अडवतो. बायको म्हणाली, ''प्लंबर आल्यासारखा दिसतोय.'' खरंच दिसतो. ऑफिसमध्ये तर एकाने विचारलं, घराचं काम काढलंय का?

जूनमध्ये आई-बाबा आले. ग्रेट सँड ड्यून्सला निघालो. आदल्या दिवशी मी सामानावरून सगळ्यांचं डोकं खाल्लं. पाण्याची टाकी भरायची नाही, एक गॅलन म्हणजे आठ पाउंडांहून जास्त, तिकडेच भरू. दहा किलो कणीक नको, चार घ्या. आईची लोखंडी कढई तर मी गाडीतून उचलून परत स्वयंपाकघरात ठेवली. ती काही बोलली नाही. म्हणजे राग आला होता.

शहराबाहेर एका ट्रक स्टॉपवर वजनकाटा आहे, तिथे थांबलो. बाबा म्हणाले, ''माणसं बसूनच राहू देत. माणसांसकट करायचा काटा.'' ट्रकची पुढची चाकं एका प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. पावती आणायला बाबा स्वतः उतरले. काउंटरवरच्या पोरीला त्यांचं इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण ते पावती घेऊन आले. चष्मा वर करून त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. पुढे ४,१८०, मागे ४,५६०, ट्रेलर ५,९८०. मग बोटांवर बेरीज करून ट्रकच्या दहा हजारांतून वजाबाकी केली.

''बाराशे साठ पाउंड शिल्लक,'' ते म्हणाले. पावतीची नीट चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात, पेनच्या मागे ठेवली.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, ''मग माझी कढई कशाला रे घरी ठेवायला लावलीस?''