कडीच्या पोटाला करवत

ड्रायरमध्ये कपडे दोनदा फिरवले तरी दमट राहतात, आणि स्वयंपाकघरात कुणी भरभर चाललं की कपाटातली भांडी वाजतात. एडिसनमधल्या एका मराठी कुटुंबानं मला बोलावलं ते या दोन तक्रारींसाठी. त्यांना त्या वेगवेगळ्या वाटत होत्या. मी तळघरात उतरलो, छतावर टॉर्च मारला आणि दोन्हींचं मूळ एकाच जागी दिसलं.

न्यू जर्सीतलं हे घर 1960 च्या दशकातलं. खाली तळघर, त्याच्या डोक्यावर दर 16 इंचांवर एक लाकडी कडी, कड्यांवर फळ्या. आपल्याकडच्या वाड्यातला कडीपाटच म्हणा, फक्त सागाऐवजी डग्लस फर. माझे आजोबा वाईला सुतारकाम करायचे. जॉइस्ट हा शब्द मी इथे येऊन शिकलो, पण हातात लाकूड आलं की मनात कडीच येते.

आधीच्या मालकाच्या काळात कुणी तरी वॉशर-ड्रायर तळघरातून वर, स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत आणले होते. ओल्या कपड्यांचं ओझं घेऊन जिने चढायला नकोत, हा विचार चांगलाच. पण ड्रायरची गरम, ओली हवा घराबाहेर काढावी लागते आणि त्यासाठी 4 इंच व्यासाची नळी लागते. बाजूची भिंत 7 फुटांवर होती, मागची 12 फुटांवर. त्या माणसानं जवळची भिंत धरली. वाटेत पाच कड्या आडव्या येत होत्या. पाचही कड्यांना त्यानं खालून करवत लावली, 4-4 इंचांच्या खाचा पाडल्या आणि त्यांतून नळी नेली. वरून जिप्समची पांढरी फळी ठोकली. दिसायला काम स्वच्छ होतं.

आजोबा वाड्यांची दुरुस्ती करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: कडीच्या पोटाला करवत लावायची नाही. लहानपणी मला तो नुसता दंडक वाटायचा. कारण इथे कामाला लागल्यावर उमगलं. कडीवर वजन आलं की ती किंचित वाकते. तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि बरोबर मध्यावरचा पट्टा जवळजवळ निवांत असतो. म्हणून भोक पाडायचंच तर मधे. पोटाकडचे धागे ताण घेऊन उभे असतात, ते कापले की कडीचा जोरच जातो. इथल्या कड्या सव्वासात इंच उंचीच्या. खाच पाडल्यावर उरलं सव्वातीन इंच लाकूड. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या हिशोबानं घटते, म्हणजे खाचेपाशी जेमतेम पाचवा हिस्सा उरलेला. भांडी वाजणारच.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत हे आकड्यांनी बांधून दिलंय. कडीतलं भोक तिच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं असू नये, वर आणि खाली किमान 2 इंच लाकूड शाबूत राहावं, आणि कडीच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात खाच अजिबात नको. आता हिशोब मांडून पाहा. नावाला 2 बाय 8 इंचांची कडी प्रत्यक्षात सव्वासात इंच उंच, तिच्यात अडीच इंचांचंही भोक बसत नाही. 2 बाय 10 मध्ये 3 इंचांच्या किंचित वर. नेहमीच्या मापांतली सगळ्यांत उंच 2 बाय 12 घेतली तरी ती भरते सव्वाअकरा इंच, म्हणजे पावणेचारांचं भोक. ड्रायरची नळी 4 इंचांची. साध्या लाकडी कडीतून ती आरपार नेताच येत नाही! तिनं जायचं ते दोन कड्यांच्या मधल्या गाळ्यातून, कडीच्या बरोबरीनं. त्यामुळे मी कुठल्याही घरात गेलो की मशीन कुठे हवंय हे विचारण्याआधी कड्या कुठल्या दिशेला पळतात ते बघतो.

त्या माणसाची दुसरी चूक नळीची. अकॉर्डियनच्या भात्यासारखी घडीची, चकचकीत फॉइलची नळी त्यानं छतात कोंडली होती. ती नळी मशीनच्या मागे, उघड्यावर थोडी चालते. छतात, भिंतीत कधीच नाही. तिच्या प्रत्येक घडीत कपड्यांची बारीक रुई, इथे जिला लिंट म्हणतात, ती अडकते. मी नळी कापली तेव्हा हाताला राखाडी गादीच लागली. हवेला वाट नाही, म्हणून कपडे ओले. आणि ही सुकी रुई ठिणगीची वाट बघत बसलेली असते. 2008 ते 2010 या काळात अमेरिकेत घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 नोंदल्या गेल्या, आणि सफाई न होणं हे त्यांतलं सर्वांत मोठं कारण होतं.

आधी कड्या सावरल्या. खालून जॅक लावून जमीन हळूहळू, रोज थोडी उचलली. घाई केली तर वरच्या भिंतीला तडे जातात. मग प्रत्येक कापलेल्या कडीला तिच्याच लांबीची नवी कडी गोंद आणि बोल्ट लावून जोडली, दोन्ही टोकं आधारावर टेकवून. इथले सुतार याला सिस्टरिंग म्हणतात. जखमी कडीला बहीण द्यायची. हा शब्द मला फार आवडतो.

नळीसाठी मागच्या भिंतीकडे जाणारा गाळा धरला, तर त्याचं तोंड तळघराच्या खिडकीपासून 2 फुटांवर निघत होतं. नियम 3 फुटांचा, नाही तर ओली हवा परत घरात. शेजारचा गाळा घ्यायचा तर ड्रायर 16 इंच सरकवायला हवा. घरातल्या काकू म्हणाल्या, “अहो, एवढ्याशा नळीसाठी मशीनची जागा कशाला हलवता?”

“मशीन हलतं, काकू. कडी नाही हलत.”

त्यांनी स्वतःच कोठीतले डबे काढून जागा करून दिली.

बाकीचं काम सरळ होतं. गुळगुळीत पत्र्याची नळी, प्रत्येक तुकड्याचं बारीक टोक हवेच्या दिशेला, म्हणजे सांध्याला रुई अडत नाही. सांध्यांवर फॉइलची टेप. आतपर्यंत घुसणारा स्क्रू नाही, त्याच्या टोकाला धागे गोळा होतात. लांबीची मर्यादा 35 फूट, प्रत्येक काटकोनी वळणाला 5 फूट वजा. आपली दोन वळणं, म्हणजे 25 फूट हातात, आणि उभी-आडवी मिळून नळी भरली 14 फूट. बाहेर झडप लावली, जाळी नाही. जाळी रुईनं तुंबते.

तुमच्याकडे ड्रायर असेल तर आज तो चालू करून घराबाहेर जा आणि झडपेसमोर हात धरा. हवेचा जोर हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर मशीन बंद करा आणि नळी साफ होईपर्यंत पुन्हा लावू नका.