नाव ठेवणारीनं काय नेसावं?

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा. बारशाला जाणारी बाई ट्रंक उघडून बसते, ती त्या अनुस्वाराला भिऊनच.

साखरा हे आमचं गाव. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. सोयाबीन आणि हळदीचा मुलूख. इथं बारशाला काय नेसायचं हे ठरवताना रंग, कापड, किंमत या गोष्टी फार पुढच्या. आधी तुम्ही बाळाच्या कोण, ते सांगा. बाळंतिणीची साडी तिच्या माहेरून येते. तिच्याकडे त्याहून चांगली असली तरी त्या दिवशी तीच अंगावर हवी, कारण माहेरची माणसं समोर बसलेली असतात. बापाच्या आईला व्याह्यांकडून साडी येते. आत्याला मानाची साडी मिळते. काकू, मावशा आपापली ठेवणीतली काढतात, आणि शेजारणी नेसतात ती नीट, इस्त्रीची, पण बाळंतिणीच्या साडीहून एक पायरी खालची. हे कुठं लिहिलेलं नाही. पण पायरी चुकली की अनुस्वार आलाच.

डोक्यावरच्या पदराचंही तसंच. घराच्या सुना पदर घेतात, लेकी घेत नाहीत. मंडपात मागच्या रांगेत बसून नुसत्या डोक्यांकडं पाहिलं तरी कोण या घरात आली आणि कोण या घरातून गेली, ते कळतं.

पुण्याहून येणाऱ्या माझ्या चुलत बहिणींना हे सगळं माहीत असतं, पण त्यांच्या फोनमध्ये दुसरं काही चाललेलं असतं. रीलमधल्या बारशात मागं फुग्यांची कमान, आईचा आणि बाळाचा एकाच कापडाचा जोड, आणि सगळं फिकट गुलाबी नाहीतर पिस्ता. मला त्यात वाईट काही दिसत नाही. फक्त रीलमध्ये बाळ दूध पीत नाही. सव्वा महिन्याच्या लेकराच्या आईला मागून हुक असलेलं ब्लाउज शिवून देणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नाही. बाळ दर तासा-दीड तासाला रडतं, आणि मग दोघी जणी तिला आतल्या खोलीत नेऊन पाठीमागचे हुक काढत बसतात, तोवर बाहेर पाळणा रिकामा. पुढून हुक, सुती अस्तर, बस. टिकल्या लावलेली, जाड जरीची साडीही नको, कारण तान्ह्या गालाला ती ओरखडते. आणि सेफ्टी पिना! बारशाला लेकरू आठ-दहा जणींच्या खांद्यावर फिरतं. पाळण्याच्या खालून एकीनं द्यायचं, वरून दुसरीनं घ्यायचं, त्या गडबडीत खांद्यावरची पिन उघडली तर? आमच्याकडे आधी वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवतात, मग बाळ. वरवंट्याला पिन टोचत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मार्च २०२३ मध्ये माझ्या भावाच्या मुलीचं बारसं ठरलं. हळद काढून शिजवायचे दिवस. गावात जिकडं तिकडं तो ओला, मातकट वास, आणि बायकांची नखं पिवळी. वहिनीच्या साडीचा प्रश्न तिच्या आईनं रिसोडहून सोडवला होता. आईची साडीही तिकडूनच येणार होती. अडचण होती आत्याच्या साडीची. बाळाला सख्ख्या आत्या दोन, ताई आणि मी. नाव कानात सांगायचा मान मोठीचा. आणि ताईचा नवरा मे २०२१ मध्ये कोरोनानं गेलेला.

ताई अंगणवाडी सेविका आहे. आठवड्यातले सहा दिवस तिनं काय नेसायचं हे शासनानं ठरवून दिलंय, गणवेशाची साडी. सातव्या दिवसाचं, दाजी गेल्यापासून, गावानं ठरवलं होतं. कुणी तोंडावर काही म्हणालं नव्हतं. पण दोन वर्षांत कुठल्याही कार्यक्रमात तिला आहेरात आलेल्या साड्या बघाव्यात. राखाडी. बदामी. धुरकट निळी. देणाऱ्यांनी ठरवून दिल्यासारखा एकच ढग.

आहेराच्या साडीबद्दल सांगायचं तर ती मुळात नेसायला नसतेच. अडीचशे-तीनशेची, पारदर्शक पिशवीतली, ब्लाउजपीस नावापुरता. ती एका बारशातून लग्नात, लग्नातून वास्तुशांतीत जाते, आणि कधीकधी फिरून देणारीच्याच घरी येते. आईकडे वही आहे, कुणाकडून कोणत्या रंगाची आली त्याची, म्हणजे तीच परत तिलाच जायला नको. या साड्यांकडं कुणी बघत नाही. पण ताईच्या वाट्याला येणाऱ्यांचा रंग मात्र बघून निवडलेला असायचा. म्हणजे ज्या साडीला काही अर्थ नाही, तिच्यातही हा अर्थ आठवणीनं घातला जायचा.

आईनं ट्रंकेतून बदामी काढून ठेवली होती. "काठ चांगलाय," ती म्हणाली. "उगी लोकायला बोलायला जागा कशाला द्यायची?" आईचं चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. जावयाच्या तेराव्यापासून लोकांचं बोलणं पहिल्यांदा तिच्याच कानावर येत होतं.

विधवेनं कोणता रंग घालावा याचा नियम अनादी आहे असं आपल्याला वाटतं. हिंदी सिनेमे बघून तर पांढराच. पण महाराष्ट्रात ब्राह्मण घरांमध्ये केशवपन केलेल्या विधवा नेसायच्या ते आलवण, आणि आलवणाचा रंग तांबडा. शेतकऱ्यांच्या घरात ना पांढरं ना तांबडं. माझ्या आजीनं वैधव्याची चाळीस वर्षं गडद इरकली लुगड्यात काढली, कारण शेतातल्या काळ्या मातीत दुसरं काही टिकत नाही. कुंकू आणि हिरव्या बांगड्या गेल्या, लुगडं तेच राहिलं. आणि माझ्या ऑफिसात वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण आहे, तिच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला मी गेले होते. तिथं फादरनी पाणी ओतून झाल्यावर बाळाला पांढरं वस्त्र घातलं, नव्या जन्माचं म्हणून. गॉडमदर झालेली मावशी मोरपंखी काठपदर नेसून उभी होती, मागं एक आजी चौकड्यांच्या लुगड्यात. मी जायच्या आधी मैत्रिणीला विचारलं होतं, काय घालू? ती म्हणाली, काहीही घाल, पांढरं तेवढं नको, ते बाळाचं. एकाच राज्यात एकच रंग एकीकडं शेवटाचा आणि दुसरीकडं सुरुवातीचा, तर दोष रंगाचा कसा म्हणायचा?

हे सगळं मी आईला सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि बदामी साडीची घडी आणखी नीट केली.

मग मी हेरवाड काढलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मे २०२२ ला राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. फोनवर बातमी उघडून दाखवली. आई म्हणाली, "ते कोल्हापूर झालं."

कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली आजी तोवर काहीच बोलली नव्हती. आजी पुरोगामी वगैरे नाही. माझ्या जीन्सवर तिचं मत आजही आहे. ती म्हणाली, "आत्या कोनामुळं हाय ती? भावामुळं. भाऊ हाय ना जित्ता? मग नवऱ्याचं काय काम तिथं?"

मी वाचलेलं कुठलंच पुस्तक इतक्या थोडक्यात तिथं पोचलं नव्हतं. बारशाच्या मानाचा हिशोब नात्यावर चालतो ना, मग तो शेवटपर्यंत नात्यावरच चालवा. आत्यापण लग्नातून येत नाही आणि नवऱ्याबरोबर जातही नाही. आईला परिपत्रक पटलं नाही, हे पटलं. निदान तिनं ट्रंक लावली.

साडी घ्यायला आम्ही हिंगोलीला गेलो, ताई, वहिनीची धाकटी बहीण आणि मी. दुकानदारानं गादीवर पहिल्यांदा हिरव्या टाकल्या, मग आमच्यातलं कुणीतरी काहीतरी हळू बोललं असावं, कारण हिरव्या गेल्या आणि बदामी आल्या. ताईनं स्वतःच हात पुढं करून मागच्या रॅककडं दाखवलं. पिवळी. नारायणपेठी, बारीक चौकड्याची, काठ गडद आमसुली. नारायणपेठ आता तेलंगणात आहे, पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. राज्यं वेगळी झाली, पण ही साडी आमच्याकडं येतच राहिली.

"पिवळी कशी काय?" मी विचारलं.

"हळदीचे दिवस हायेत," ताई म्हणाली. "डाग दिसायचा नाही."

पुढं ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. साडी नऊशे पन्नासची होती. फॉल-पिको तिथंच करून घेतला. पैसे भावानं पाठवले होते. मानाची साडी भावानंच घ्यायची असते.

बारशाच्या दिवशी ताईनं पदर पिनेनं न लावता कमरेला खोचला. ही अंगणवाडीतली सवय, तिथं दिवसभर कुणाचं तरी लेकरू खांद्यावर असतं. वहिनीनं ब्लाउज पुढून हुकांचं शिवलं होतं, त्यामुळं पाळणा फार वेळ रिकामा राहिला नाही. पाळणा म्हणून झाला. ताई वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं, आणि रिवाजाप्रमाणे मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी मोजत नव्हते, पण जरा जास्तच पडले. दोन वर्षांत तिच्या अंगाला गावातल्या बायकांनी असा हात लावला नव्हता.

मग हळदीकुंकवाचं ताट फिरलं. वहिनीनं ताईला दोन्ही लावलं, ओटी भरली, खण-नारळ दिला. तिच्यामागून शेजारच्या काकू घुगऱ्या वाटत आल्या, त्यांनी घुगऱ्या दिल्या आणि नजर दुसरीकडं ठेवली. त्यांच्यानंतरच्या दोघींनी कुंकू लावलं. एक जण ताईला ओलांडून माझ्याकडं आली. आजीसमोर वहिनीनं ताट धरलं तर आजीनं हातानंच बाजूला केलं. "मला नको, माझं झालं." तिनं ताईसाठी मांडलेला हिशोब स्वतःला लावून घेतला नाही, आणि तिला तो लाव म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही.

बाळानं ताईच्या मांडीवर शू केली. नारायणपेठीचा आमसुली काठ पिवळ्यात उतरला. ताईनं रात्री मिठाच्या पाण्यात साडी भिजत घातली, थोडा रंग राहिलाच. ती तशीच दोनदा नेसून झाली आहे, एकदा बँकेत केवायसीला आणि एकदा नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला.

आता पुढच्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलाचं बारसं आहे, जिंतूरला. तिथं ताई आत्या नाही, मावशी. भाऊ जिवंत आहे हा मुद्दा तिथं चालत नाही. आईनं परवा फोनवर विचारलं, बदामी साडीला फॉल लावून ठेवू का. मागून आजीचा आवाज आला, "बहीन हाय ना जित्ती?"