कुणाची वाट पाहता?

‘आम्ही एकटेच प्रवास करतो’ हे वाक्य व्याकरणात बसते, व्यवहारात मात्र अनेकांना खटकते. ‘आम्ही’ म्हणजे नेमके किती जण, असे वाचकांनी विचारण्याआधीच सांगून टाकतो : आम्ही म्हणजे एक मध्यमवयीन बाई, एक पाठीवरची पिशवी आणि पिशवीतला लॅपटॉप. व्यवसाय भाषांतराचा. औषधांच्या माहितीपत्रकांपासून शेतीपंपांच्या पुस्तिकांपर्यंत जे येईल ते मराठीत आणायचे. २०२० च्या टाळेबंदीत हे काम कुठूनही करता येते हे काम देणाऱ्यांच्या ध्यानात आले. आणि ‘कुठूनही’ या शब्दात घराबाहेरचा मुलूखही येतो, हे आमच्या ध्यानात आले. मुले आपापल्या वाटेला लागलेली, तेव्हा आम्हीही आपली वाट धरली.

परंतु आमच्या ऐपतीच्या लॉजमध्ये पलंग असतो, आरसा असतो, भिंतीवर गतवर्षीचे कॅलेंडरही असते. टेबल-खुर्ची तेवढी नसते. पलंगावर मांडी घालून दोन तास लिहिले की पाठ बंड करून उठते. म्हणून नव्या गावी उतरलो, की देवदर्शनाच्याही आधी आम्ही बसण्याची जागा शोधतो.

हा शोध दिसतो तितका सोपा नाही. कॅफे बाहेरून देखणे असते. आत खुर्चीला पाठ नसते. खुर्ची बरी असली तर प्लग चार हात दूर असतो. दोन्ही जुळले तर डोक्यावर कर्णा लावून गाणी चालू. आम्ही प्रथम भिंतीकडे पाठ येईल अशी जागा पाहतो, कारण दुसऱ्याचे कागद आपल्या पडद्यावर असताना मागून कोणी वाचू नये. मग पाहतो उजेड : खिडकी समोर नको, मागेही नको, बाजूला हवी. तिथल्या फुकटच्या वाय-फायवर बँकेचा व्यवहार करीत नाही. त्यासाठी आपला फोनच बरा. आणि स्वच्छतागृह कोठे आहे ते बसण्याआधी विचारून घेतो. ही गोष्ट पुरुष प्रवाशांना क्षुल्लक वाटेल. आमच्या भगिनींना तिचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

इतके सगळे जमले, तरी एक प्रश्न उरतोच. हात धुवायला उठायचे तर लॅपटॉप कुणाच्या भरवशावर सोडायचा? दोघे असले की हा प्रश्न मनातही येत नाही. एकट्या माणसाला तो दिवसातून तीनदा पडतो. आमच्या अनुभवाने सांगतो, जागेची खरी परीक्षा इथेच होते. जिथे तुम्ही निर्धास्तपणे उठून जाऊ शकता, ती जागा चांगली. मग तिथली कॉफी पाणचट का असेना!

या परीक्षेत आम्ही पहिला क्रमांक दिला आहे तो इंडियन कॉफी हाऊसला. पूर्वी ही कॉफीगृहे सरकारच्या कॉफी बोर्डाची होती. १९५० नंतरच्या दशकात ती बंद करण्याचे ठरले. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती चालवायला घेतली. आमच्या मध्य प्रदेशातील शाखा जबलपूरच्या संस्थेकडे आहेत. तुरेबाज पागोट्यातला जो वेटर आपल्याला कॉफी देतो तो नुसता नोकर नसतो, संस्थेचा सभासदही असू शकतो. कदाचित म्हणूनच त्याच्या वागण्यात घाई नसते. जबलपुरात आम्ही एकदा पिशवी उचलून उठू लागलो, तर तो म्हणाला, “रहने दीजिए दीदी, हम यहीं हैं।” त्या सहा शब्दांनी आमचा दिवसभराचा शीण उतरला. ‘हम यहीं हैं’ असे परगावी म्हणणारा कोणी भेटणे, ही लहान गोष्ट नव्हे.

हॉटेलांच्या लॉबीची तऱ्हा निराळी. सकाळी दहा ते बारा खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी, दुपारी दोनच्या सुमारास येणाऱ्यांची, आणि संध्याकाळी लग्नाचे वऱ्हाड. तीन ते सहा या वेळात मात्र तिथे छान शांतता असते. पण लॉबीतले कोच खोल आणि टेबले गुडघ्याइतकी उंच, कारण ती जागा मुळी कामासाठी नाही, वाट पाहण्यासाठी आहे. वाट पाहणाऱ्याला कोणाची तरी वाट पाहावी लागते! एका शहरातल्या मोठ्या हॉटेलात आम्ही कोचाच्या कडेवर बसून लिहीत होतो. पहारेकरी आला आणि अदबीने म्हणाला, “किससे मिलना है, मैडम?” आम्ही म्हटले, “किसी से नहीं।” या उत्तराने तो असा गोंधळला, की पुढची पंधरा मिनिटे तो आमच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला. समोरच्या कोचावर एक गृहस्थही लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांना कोणाला भेटायचे आहे, हे कोणी विचारले नाही.

आम्हाला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु तेव्हापासून आम्ही लॉबीत शिरलो की थेट कॉफीच्या काउंटरकडे जातो, चहा सांगतो आणि बिल टेबलावर दिसेल असे ठेवतो. चहा महाग पडतो. मात्र तो चहा नव्हे, जागेचे भाडे, असे समजले की घोट कडू लागत नाही.

भाड्याचा हा हिशेब नवा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरवणारे तासन्‌तास बसत. विम्याच्या त्या बाजाराला आजही लॉइड यांचेच नाव आहे. २०११ मध्ये मॉस्कोत निघालेल्या ‘झिफेरब्लाट’ या कॅफेने उलटा मार्ग काढला : चहा-कॉफी फुकट, पैसे मिनिटांचे! उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या स्टारबक्सला, कृपया मोठे संगणक, प्रिंटर आणि आडोशाचे पडदे आणू नका, असे गिऱ्हाइकांना सांगावे लागले. म्हणजे बसणाऱ्यानेही मर्यादा ओळखावी. आम्ही तासाला काहीतरी मागवतो, चौघांचे टेबल अडवीत नाही, जेवणाच्या वेळी उठतो आणि फोनवर बोलायचे तर बाहेर जातो. ज्या जागेने आपल्याला सांभाळले, तिचा धंदा बुडवणे बरे नव्हे.

तरीही मनात येते, की बसण्यासाठी दरवेळी काही विकतच घ्यायला हवे काय? सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्यात वाचायला येणाऱ्या सामान्य माणसाला मोफत जागा होती. आपल्या पूर्वजांनीही जिथे चार मराठी घरे झाली तिथे गणेशोत्सव सुरू केला आणि एक वाचनालय काढले. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कोठेही जा, मराठी मंडळाची नाही तर ग्रंथसंग्रहालयाची एखादी वास्तू सापडतेच. आम्ही अशा काही वास्तूंत डोकावलो आहोत. उंच छत, भक्कम टेबले, भरपूर उजेड. आणि दुपारभर वर्तमानपत्र चाळणारे दोन वृद्ध. नवे वाचक येत नाहीत, ही तिथली नेहमीची खंत.

आमची सूचना साधी आहे. त्यांतल्या दोन टेबलांपाशी प्लग बसवावेत, इंटरनेटची जोडणी घ्यावी, स्वच्छतागृहाला कडी असावी आणि दिवसाचे माफक शुल्क ठेवावे. बाहेरगावाहून परीक्षेला आलेली मुलगी, इस्पितळात आईजवळ रात्र काढून दिवसा नोकरीचे काम उरकणारा मुलगा, आणि आमच्यासारखी फिरस्ती बाई तिथे येईल. काम संपल्यावर कपाटातले एखादे पुस्तकही हाती घेईल. कोपऱ्यातले आजोबा चष्म्यावरून पाहून विचारतील, “कुठल्या गावच्या हो तुम्ही?” त्याचे उत्तर आम्ही आनंदाने देऊ. आणि हात धुवायला उठताना लॅपटॉप त्यांच्याच स्वाधीन करू.