चादरीवर न दिसलेला पिवळा

2017च्या खरीपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. पुढच्या हंगामाआधी आर्णी तालुक्यातल्या एका गावात फवारणीच्या काळजीबद्दल बोलायला मला बोलावलं. मी 32 स्लाइड केल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

असरच्या नमाजनंतर शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर बांधली. ऊन अजून होतं. एकेका स्लाइडवर आठ-नऊ ओळी. मी वाचत होतो, लोक कंटाळत होते. मग औषधाच्या डब्यावरच्या चौकोनाची स्लाइड आली. त्यातला खालचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ‘हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे’ ही ओळ मी तळाशी बारीक अक्षरात टाकली होती.

मागून एक चाचा म्हणाले, “बेटा, तू चार म्हणतो. इथं तं तीनच रंग दिसून रायले.”

खरंच. लॅपटॉपवर झळकणारा पिवळा उजेडात, पांढऱ्या चादरीवर पार पुसला गेला होता. चाचांनी उभी हयात पाठीवर पंप वाहिलेला. त्यांच्यापासून मी दुसऱ्या क्रमांकाचं विष लपवलं होतं.

2003 मध्ये कोलंबिया यान कोसळून सात अंतराळवीर गेले. चौकशी अहवालात नासासमोर मांडलेल्या एका स्लाइडवरही बोट ठेवलं आहे. मथळा दिलासा देणारा, आणि धोक्याची खरी गोष्ट तळाशी, बारीक अक्षरात. ते वाचताना मला माझी हिरव्या त्रिकोणाची ओळ आठवली.

आता माझ्या सहाच स्लाइड असतात. एका स्लाइडवर एकच गोष्ट. मथळा ‘कीटकनाशक सुरक्षा’ असा नाही, तर ‘वारा पाठीवर घेऊन फवारा’ असं सरळ वाक्य. त्रिकोण काळ्या पार्श्वभूमीवर, पडदाभर मोठे. आणि लोक यायच्या आधी मी स्वतः शेवटच्या रांगेत बसून बघतो.

त्याच गावात पुन्हा गेलो, तेव्हा ‘हातमोजे घालूनच औषध कालवा’ ही स्लाइड लागली. चाचा म्हणाले, “हे समजलं बेटा. पण मजुराले हातमोजे देते कोण?”

पहिल्या वेळी 32 स्लाइडनंतर कुणीच काही विचारलं नव्हतं. आता शेतमालक समोरच बसले होते. मी प्रोजेक्टर बंद केला आणि बोलणं त्यांच्याकडे वळवलं.