भिरुडाच्या नातलगाच्या शोधात

नेरँग सोडलं की रस्ता चढणीला लागतो आणि ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचे समुद्राकाठचे उंच टॉवर मागच्या आरशात बुटके होत जातात. बीचमाँटच्या पठारावर गाई चरत होत्या. तिथून पुढे दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर ओणवली आणि डिसेंबरचा उन्हाळा एकदम खाली राहिला. गाडी भाचा चालवत होता. नोकरीसाठी ब्रिस्बेनला आला आणि तिथलाच झाला. सुट्टीला समुद्रावर जाणारा मुलगा, मावशीच्या हट्टापायी डोंगरात आला होता.

"मावशी, खरं सांग. आपण एका किड्यासाठी चाललोय?"

"भुंगेरा म्हण. आणि तोही दिसेलच असं नाही."

यावर त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला खोड पोखरणाऱ्या किड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्याकडे त्याला भिरूड म्हणतात. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की वडील तार घेऊन यायचे. भोकात तार घालून अळी ओढून काढायची, नाहीच निघाली तर औषधात भिजवलेला बोळा आत कोंबून वरून चिखल लिंपायचा. जाड, पिवळट पांढरी अळी महिनोन्‌महिने आत बोगदे करत राहते आणि झाड बाहेरून हिरवंगार दिसतं. मग एक फांदी वाळते, मग दुसरी, आणि तोवर उशीर झालेला असतो. या भिरुडाला बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा हे नाव १७७५ सालीच मिळालं. जो माणसाचं नुकसान करतो त्याची नोंद लवकर होते. निरुपद्रवी प्राण्याला थांबावं लागतं. मी ज्याच्या मागावर होते तो याच भिरुडाच्या कुळातला, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या लॅमिइनी या उपकुळातला. त्याला नाव मिळायला २०२४ उजाडलं.

तो सापडला लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. मुंबईकराला हे नाव ऐकून ग्रँट रोडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची आठवण होणारच, आणि ती चुकीचीही नाही. हे तेच लॅमिंग्टनसाहेब. १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते, १९०३ ते १९०७ मुंबईचे. आपण त्यांच्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव दिलं तरी टॅक्सीवाला अजून जुनंच ओळखतो. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या तेव्हा हेच वृद्ध लॅमिंग्टन तिथे जखमी झाले होते. ऑस्ट्रेलियात मात्र हे नाव निघालं की लोकांना केक आठवतो: चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला स्पंजचा चौकोन. वाटेत तो खाल्ला. खोबरं सुकं होतं. कोकणी जिभेने फार गुण दिले नाहीत.

उद्यान १९१५ साली जाहीर झालं. त्यासाठी सर्वांत जास्त झटले ते रोमिओ लाही, आणि हे गृहस्थ लाकडाच्या गिरण्या चालवणाऱ्या घराण्यातले. ज्यांचं पोट करवतीवर, त्यांच्याच मुलाने जंगल वाचवलं. याच लाहींनी आर्थर ग्रूम यांच्याबरोबर १९३३ मध्ये बिना बुरा लॉज उभं केलं. सप्टेंबर २०१९ च्या वणव्यात त्याच्या जुन्या लाकडी इमारती जळून गेल्या. तंबू ठोकायची जागा आणि टीहाऊस वाचलं. आम्ही पोचलो तेव्हा तंबूंच्या मधून पॅडेमेलॉन, म्हणजे सशाहून थोडे मोठे कांगारूचे भाऊबंद, निवांत गवत खात होते. भाच्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

हीच ती छावणी. २०२१ च्या अखेरीस क्वीन्सलंड विद्यापीठात पीएचडी करणारे जेम्स ट्वीड इथे मुक्कामाला होते. वाटेच्या कडेला लोमँड्रा नावाच्या वनस्पतीच्या पानावर त्यांना पांढरं काहीतरी दिसलं. पक्ष्याची विष्ठा असावी असं वाटून ते पुढे निघालेही होते, पण पुन्हा वळून पाहिलं. तो जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा भुंगेरा होता. काळसर-तांबूस अंग आणि त्यावर लांब, दाट, उभे पांढरे केस. सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर ते केस किती लांब आणि दाट आहेत ते कळलं आणि ट्वीड चकित झाले. पुस्तकं धुंडाळली, निबंध चाळले, जुळणारं काही मिळेना. मग कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहातल्या तज्ज्ञांना विचारलं. तिथले अ‍ॅडम स्लिपिन्स्की म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. त्यांनाही तो कुठल्या ज्ञात प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, बसवता आला नाही.

नवी जात 'सापडणं' आणि नवी जात 'होणं' यांत मोठं अंतर आहे, आणि प्रवासात बरोबर आणलेला या भुंगेऱ्यावरचा शोधनिबंध वाचताना मला तेच जास्त रंजक वाटलं. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या पस्तीस हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतली एकही ही नाही, हे दाखवायचं म्हणजे केस विचित्र आहेत एवढ्यावर भागत नाही. केस फसवे असतात. आधी घराणं ठरवायचं. या उपकुळातल्या भुंगेऱ्यांचं कपाळ सपाट, सरळ खाली उतरलेलं असतं आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांचा शेवटचा खंड टोकदार असतो. आमच्या भिरुडाचंही तसंच. तेवढं जमलं की पुढचा हिशेब: डोळ्यांची ठेवण, मिशांचे खंड, छातीवरचे काटे, पायांच्या खोबणी, नख्या. एकेक प्रजाती समोर घ्यायची आणि कुठे जुळत नाही ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. शेवटी एका नमुन्याला त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून नेमून संग्रहालयात ठेवतात. उद्या कुणी शंका काढली तर त्या सुईवरच्या किड्यालाच विचारायचं. इथे तर नवी जातच नव्हे, नवी प्रजातीही करावी लागली. नाव दिलं एक्सकास्ट्रा अल्बोपिलोसा: छावणीतून आलेला, पांढऱ्या केसांचा.

केस कशासाठी, याचा अंदाज मला फार आवडला. जंगलात बुरशी लागून मेलेले किडे पानांवर चिकटून राहतात आणि त्यांच्या अंगातून पांढरे धागे फुटलेले असतात. असा कुजका घास पक्षी टाळत असावेत. भुंगेऱ्याने बहुधा मेल्याचं सोंग अंगावरच वागवलं आहे. पण हा अंदाजच. कारण निबंधाचा साक्षीदार एकच नमुना, तोही मादीचा. नर कुणी पाहिलेला नाही. अळीही नाही. भाईबंदांप्रमाणे हिचीही पिल्लं लाकडातच वाढत असणार, पण कुठल्या झाडाच्या, ओल्या की वाळल्या, हे निबंधात येऊच शकत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो. लोमँड्रा जागोजाग होती, आपल्या गवती चहासारखी लांब पात्यांची ठोंबं. पाहिलेला प्रत्येक पांढरा ठिपका पक्ष्याचाच निघाला. ते शोधायच्या नादात भाचा गाणं विसरला आणि गुडघे टेकून पानांच्या खालच्या बाजू बघू लागला. त्याला कोळी दिसले, एक निळाशार खेकड्यासारखा काटेरी क्रेफिश ओढ्याकाठी दिसला, आणि परत आल्यावर मोज्यात दोन जळवा निघाल्या. एका पडलेल्या बुंध्याला मात्र मी बराच वेळ उजेड धरून बसले. साल सुटलेली, आत भुशाने गच्च भरलेले बोगदे आणि एक स्वच्छ गोल बाहेर पडायचं भोक. बागेत असं भोक दिसलं की हात तारेकडे जायचा. इथे या भोकांतूनच बुरशी आणि पाणी आत शिरतं आणि मेलेल्या झाडाची माती होते.

दुसऱ्या दिवशी तुल्लावल्लालला गेलो. तिथे अंटार्क्टिक बीचची शेवाळलेली झाडं आहेत, एका मुळापासून पुन्हा पुन्हा फुटत शतकानुशतकं टिकलेली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गोंडांच्या मुलुखावरून ज्याचं नाव पडलं त्या गोंडवन महाखंडाचा हा वारसा. या वर्षावनांना जागतिक वारशाच्या यादीत १९९४ मध्ये जागा मिळाली. फोटो काढणाऱ्यांची तिथे दाटी होती. आम्ही पानांकडे बघत चाललो होतो, त्यामुळे लोकांना आमचं काहीतरी हरवलंय असं वाटत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या कीटकांपैकी साधारण तृतीयांश जातींनाच नाव मिळालं असावं, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. तोही कारखाने, प्रयोगशाळा आणि पैसा असलेल्या देशातला. सह्याद्रीत आपली अवस्था याहून बरी असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे लाकडातल्या किड्याची चौकशी होते ती बहुतेक आंबा, काजू किंवा नारळ धोक्यात आल्यावर. आंबोलीच्या जंगलात पडलेला ओंडका कोण खातो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

तेव्हा बिना बुराला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, मोजे उंच घाला आणि लोमँड्राची पानं बघा. न जमल्यास आंबोली किंवा कोयनेचं जंगल आहेच. विचित्र भुंगेरा दिसला तर अभयारण्यातून उचलू नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. वरून, बाजूने आणि तोंडाकडून असे तीन स्पष्ट फोटो काढा, जागा, तारीख आणि तो कुठल्या झाडावर होता ते लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. झाडाचं नाव लिहायला विसरू नका.