मागल्या दारची आजी

2011 च्या जनगणनेत माझ्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याचा एक वाडा आला होता. एका घराच्या पुढल्या दाराला कुलूप, अंगणात पाचोळा. मी 'बंद' लिहिले आणि पुढे निघालो. तेवढ्यात शेजारीण ओरडली, "आजी भितर आसा मरे!" म्हातारी मागल्या दाराने ये-जा करायची. माझ्या कागदावर ती नव्हतीच.

परवा विल्यम हर्शेलविषयी वाचताना ती आठवली. (मी कला शाखेचा माणूस, गणित दिसले की पान उलटतो. पण मोजणी म्हटली की कारकून थांबतोच!) या गृहस्थाने इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून आकाशात 683 ठिकाणचे तारे मोजले आणि 1785 मध्ये आकाशगंगेचा आराखडा मांडला. त्याच्या निरीक्षणांच्या नोंदी बहीण कॅरोलाइन ठेवायची. 1787 पासून तिला राजाकडून वर्षाला 50 पौंड पगार मिळू लागला, म्हणजे आमच्यातलीच. हिशेब सोपा होता. ज्या दिशेला तारे जास्त, त्या दिशेला आकाशगंगा लांबवर पसरलेली. सूर्य आला जवळपास मधोमध.

मोजणी प्रामाणिक होती, पण वाटेत धूळ होती. तिच्यामागचे तारे दिसलेच नाहीत. रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी ती धूळ दाखवून दिली 1930 मध्ये! धुळीतून येणारा प्रकाश मंद होतो, तसा तांबूसही होतो. म्हणजे नुसती संख्या पुरत नाही, रंगही बघावा लागतो.

रंगावरून ताऱ्याची जात कळते, जातीवरून खरे तेज, आणि तेजावरून अंतर. 1983 मध्ये गिलमोर आणि रीड यांनी आकाशगंगेच्या पातळीपासून दूर, दक्षिण ध्रुवाच्या दिशेचे तारे असे तपासले. तिथे धूळ कमी. एकच पातळ तबकडी धरली तर वरच्या भागात तारे फार थोडे हवेत. निघाले कितीतरी जास्त. पातळ तबकडीत सुमारे 1000 प्रकाशवर्षे वर गेले की दाटी साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. त्यांना दुसरी, जाड तबकडी मानावी लागली. तिच्यात त्यासाठी सुमारे 4700 प्रकाशवर्षे जावे लागते. तबकड्या खरेच दोन की एकच विरळ होत जाणारी, हा वाद अजून आहे. 2022 मध्ये 'गाया' यानाची 180 कोटींहून अधिक ताऱ्यांची यादी आली, तरीही!

असो. त्या दिवशी मी मागल्या दारी गेलो. आजीने आधी पाणी दिले. वय विचारले तर म्हणाली, "तूंच बरय."