सणांचे गणित

डिसेंबर उजाडला की प्राथमिक शाळांच्या भिंतींवर चांदण्या चढतात आणि मुलांच्या हाती छापील कागद येतात. चांदणीच्या पोटात ‘7 अधिक 5’, घंटेच्या पोटात ‘18 वजा 9’. नाताळ सरला की तीच बेरीज पतंगाच्या चित्रात जाऊन बसते. अशा गणिताला सणाची ओळख नसते. वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात मी वर्षानुवर्षे लहान मुलांना गणित शिकविले. सण आणि अंक यांचे खरे नाते मला निराळ्याच ठिकाणी दिसले.

एका पुस्तिकेत दिवाळीचे उदाहरण होते. आईने 800 रुपयांचे कपडे व 250 रुपयांचे फटाके घेतले, तर एकूण खर्च किती? तिसरीतल्या एका मुलीने उत्तर लिहिले, शून्य. बेरीज तिला उत्तम येत होती. ‘‘औंदा आमचा कापूस भिजला, गुरुजी,’’ एवढेच ती म्हणाली. मी ते शून्य बरोबर धरले.

आमच्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली आणि पुढे सेवाग्रामला नयी तालीम उभी राहिली. ती चालविणाऱ्यांत मूळचे सिलोनचे असलेले ख्रिस्ती गृहस्थ आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी अग्रभागी होत्या, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. हाताला काम आणि त्या कामातूनच गणित, हा तिथला समवाय. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे 640 तार. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थींचे पवनारला धाम नदीत विसर्जन झाले. त्या तिथीला स्वतः कातलेली एक गुंडी सूतांजली म्हणून अर्पण करावी, अशी प्रथा विनोबांनी पाडली. आता मुलाने रोज 40 तार सूत कातले, तर गुंडीला 16 दिवस लागतात; म्हणजे प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन आटोपले की दुसऱ्याच दिवशी टकळी हाती घ्यायला हवी. एक दिवस बुडाला, तर उद्या 80. हा हिशेब फळ्यावर मांडावा लागत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरणारी आमची पोरेही बोजाऱ्याचे पैसे कुणी न सांगता, आणि कमालीच्या अचूकतेने, मोजतात!

आपल्या प्रायश्चित्तकाळाचेच पाहा. चाळीस दिवस, असे आपण म्हणतो. 2024 साली रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना दिनदर्शिका देऊन ते मोजायला सांगितले. राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीला, ईस्टर 31 मार्चला. फेब्रुवारीचे 16 दिवस, पवित्र शनिवारपर्यंत मार्चचे 30, बेरीज 46. ‘‘सहा जास्त झाले,’’ वर्गात कुजबूज सुरू झाली. मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने एका मुलाचे बोट लाल आकड्यांवर थांबले. मधले रविवार सहा! रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो या चाळिसांत धरला जात नाही, हे सांगायला त्याहून चांगली वेळ कुठली? एका मुलीचे उत्तर मात्र 39 येत होते. ते लीप वर्ष होते आणि ती 29 फेब्रुवारी विसरली होती. शेजारणीनेच तिला तो दिवस दाखवला.

शाळेतल्या नाताळात मी खरेदीची उदाहरणे घालीत नसे. आम्ही बांबूच्या कामट्यांच्या चांदण्या करीत असू. एका चांदणीला दोन पंचकोनी चौकटी, म्हणजे लांब कामट्या 10, आणि पोट फुगावे म्हणून मध्ये आखूड 5. एका वर्षी वर्गात 32 मुले होती, चौघांचा एक गट. किती कामट्या तोडायच्या हे मुलांनीच ठरविले : 80 लांब, 40 आखूड. दोऱ्याचा अंदाज मात्र सपशेल चुकला आणि तो दोनदा आणावा लागला. आठही चांदण्या व्हरांड्यात टांगल्या गेल्या. चार लांब कामट्या कुणीतरी जास्तीच्या तोडल्या होत्या. त्या संक्रांतीच्या पतंगांना कामी आल्या.